मोजे विणणारीचे पाय

बाहेरचा बर्फ राखाडी झालाय.
टेबलाच्या मेणकापडावर मी तीन कागद मांडलेत,
वर मिठाची बरणी, उडू नयेत म्हणून.
खिडकी बंद आहे. तरीही.

एकतीस वर्षं मी मोज्यांच्या कारखान्यात उभी होते,
वूच शहरात, आठव्या मशीनपाशी.
बोगुमिवा, स्वतःच्या पायावर उभी राहिलेली बाई,
लोक कौतुकानं म्हणायचे,
आणि खरंच, बसायला स्टूलच नव्हतं.
मागितलं की फोरमन सांगायचा,
बसलं की सुई चुकते.

आता डाव्या पोटरीवर एक निळी गाठाळ दोरी
घोट्यापासून वर चढत आलीय.
दिवस कलला की तिला वजन येतं.
रात्री गोळा येतो, मग मी अंधारात
गार फरशीवर टाच दाबून उभी राहते.
पुन्हा उभीच.

डॉक्टर व्हिएर्झ्बित्स्की वयानं लहान, हात गार.
पायाला जेल फासून पडद्यावर रक्त दाखवलं:
हे वर जायला हवं, ते खाली घरंगळतंय,
शिरेतल्या झडपा मिटत नाहीत.
मला कारखान्याचं मागचं दार आठवलं,
हिवाळाभर न लागणारं.

पहिला कागद लेझरचा.
आत बारीक तार, शीर आतूनच भाजून बंद,
तासाभरात चालत घरी.
खाजगीत अडीच महिन्यांची पेन्शन,
सरकारी निधीतून चौदा महिन्यांची वाट.
मी विचारलं, मग त्या शिरेतलं रक्त जाणार कुठं?
म्हणाले, खोलात चांगल्या वाटा आहेत, शोधतं ते.
मी गप्प बसले.
या शहरानं आपल्या नद्या अशाच मिटवल्या,
गिरण्यांना पाणी देऊन देऊन काळ्या झालेल्या,
पाइपात घातल्या, वरून रस्ता.
शहराच्या नावाचा अर्थ होडी,
आणि होडी सोडायला पाणी नाही.
पण बर्फ वितळताना जाळीशी कान नेला
तर ऐकू येतं: जातंय, जातंय.

दुसरा, फेसाचं इंजेक्शन. स्वस्त.
हालिनानं घेतलं होतं.
दोन वर्षांनी शीर परत आली, बाजूच्या गल्लीनं,
तिच्या धाकट्या दिरासारखी,
काही झालंच नाही अशा थाटात.
पुन्हा टोचावं लागेल, डॉक्टरही नाकारत नाहीत.

तिसरा, ऑपरेशन.
यात माझी बहीण काझिमिएरा तज्ज्ञ.
शहाऐंशी साली जांघेत एक चीर, घोट्याला एक,
आणि अख्खी शीर ओढून बाहेर,
उसवताना धागा ओढतात तशी.
नऊ दिवस इस्पितळ.
घोट्याजवळची कातडी अजून बधिर आहे,
मांजर चाटतं ते तिला दिसतं, कळत नाही.
आता तसं करत नाहीत, निम्म्या दिवसात सोडतात,
पण ईस्टरच्या जेवणात ती व्रण दाखवतेच:
गेली ती गेली, परत आली का?
नाही आली. हे मान्य करावं लागतं.

आणि ठरेपर्यंत, डॉक्टर म्हणाले,
दाबाचे मोजे घाला.
मी हसले. त्यांना कळलं नाही का ते.

औषधाच्या दुकानात मुलीनं पोटरीला टेप लावली,
मी तिला टेप सरळ धरायला शिकवलं.
घरी येऊन मोजा उलटा केला, दिव्याखाली नेला.
टाचेचा टाका सैल.
आमच्या पाळीत हा पुढं गेला नसता.
मग रबरी हातमोजे घालून, पलंगाच्या कडेवर,
अकरा मिनिटं, दोन शिव्या,
आणि पाय आत.
घट्ट धरला त्यानं. कुणीतरी धरावा तसा.
कुठल्या देशात, कुठल्या मशीनपाशी
उभी राहून विणला असेल हा?
तिला तरी आहे का स्टूल?

सकाळी दवाखान्याला फोन लावला.
लेझर, सरकारी, चौदा तर चौदा.
तुम्ही रांगेत सतराव्या आहात, यंत्र म्हणालं,
आणि पियानो सुरू झाला.
तेव्हा लक्षात आलं, मी उभी आहे.
खुर्ची ओढली. दुसरीवर उशी, उशीवर पाय.
सुई चुकायची तर चुकू दे.

तुम्ही सोळाव्या आहात.